रक्ताची पेढी

पेढी हा शब्द आता दोनच ठिकाणी उरलाय. एक सराफांच्या दुकानाच्या पाटीवर आणि दुसरा रक्तपेढीत. (पतपेढी राहिलीच की! म्हणजे तीन.) मी सगळी नोकरी बँकेत केली, त्यातली निम्मी कॅशमध्ये. त्यामुळे रक्त साठवायच्या जागेला पेढी का म्हणतात, हे कोडं मला बरेच दिवस पडलं होतं. कोठार म्हणा, भांडार म्हणा. पण पेढी? पेढीत माणूस स्वतःचे पैसे ठेवतो आणि व्याजासकट परत नेतो. रक्त देणारा थोडाच परत मागायला येतो?

शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं की प्रश्न नुसता शब्दाचा नाही. या एका शब्दाबरोबर हॉस्पिटलवाल्यांच्या डोक्यात हिशोबाची एक सवय शिरली. त्या सवयीने आधी फार मोठं भलं केलं आणि मग पुढची चाळीस वर्षं बरंच रक्त अडवून ठेवलं. आपल्याकडे तर ती अजून पुरती मोडलेली नाही. जरा लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा :)

आधी पेढी नव्हती तेव्हा काय होतं ते बघू. १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये एका डॉक्टरच्या तान्ह्या मुलीला रक्तस्राव होत होता आणि तो थांबेना. अलेक्सिस कॅरेल या सर्जनने बापाच्या हातातली धमनी आणि पोरीच्या पायातली शीर चक्क टाके घालून जोडली. बापाचं रक्त थेट लेकीत. मुलगी वाचली. पण असं जोडकाम करणारे हात जगात किती असणार? बाहेर काढलं की रक्त काही मिनिटांत गोठतं, ही खरी अडचण होती. देणारा आणि घेणारा एकाच खोलीत, एकाच वेळी हवेत. त्यात रक्तगट जुळायला हवा. (गटांचा शोध कार्ल लँडस्टायनरने व्हिएन्नात १९०१ च्या सुमाराला लावला, पण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत तो पोचायला बरीच वर्षं गेली.)

१९१४-१५ मध्ये ही अडचण सुटली, आणि तीही एकदम तीन-चार ठिकाणी. ब्रुसेल्समध्ये ह्युस्टिन, ब्युनोस आयर्समध्ये आगोटे, न्यूयॉर्कमध्ये लेविसोन. रक्तात थोडं सोडियम सायट्रेट घातलं की ते गोठत नाही, हे यांनी दाखवलं. १९१६ मध्ये राउस आणि टर्नर यांनी त्यात साखर घालून ते आणखी टिकवलं, आणि पुढच्याच वर्षी ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन डॉक्टरने फ्रान्समधल्या रणभूमीवर बर्फात ठेवलेल्या बाटल्यांतून जखमी सैनिकांना रक्त दिलं. युद्ध संपलं आणि ही युक्ती जवळजवळ विस्मरणात गेली. ती जोमाने पुढे नेली सोव्हिएत रशियाने. मॉस्कोत सर्गेई युदिन हे सर्जन १९३० पासून अपघाताने अचानक गेलेल्या माणसांच्या शरीरातलं रक्त काढून, साठवून, दुसऱ्यांना देत होते. वाचताना अंगावर काटा येतो, पण माणसं वाचत होती.

युदिन यांच्या कामाचे अहवाल शिकागोतल्या एका डॉक्टरने वाचले. बर्नार्ड फँटस त्यांचं नाव. जन्म बुडापेस्टचा, सन १८७४. कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये ते औषधोपचार विभागाचे प्रमुख होते. कुक काउंटी म्हणजे शिकागोच्या गोरगरिबांचं सरकारी हॉस्पिटल, आपल्या ससून किंवा केईएमसारखं अवाढव्य. तिथे पैसे देऊन रक्तदाता आणवणं रुग्णांना परवडणारं नव्हतं. मेलेल्या माणसाचं रक्त अमेरिकेत कुणी घेणार नाही हे फँटसनी ओळखलं आणि जिवंत दात्यांचं रक्त सायट्रेट घालून फ्रिजमध्ये ठेवायचं ठरवलं, सुरुवातीला फार तर दहा दिवस. मार्च १९३७ मध्ये हे सुरू झालं. या विभागाचं सरळ नाव 'रक्त जतन प्रयोगशाळा' असं काहीतरी झालं असतं. पण फँटसना वेगळं नाव सुचलं, 'ब्लड बँक'. आपली 'रक्तपेढी' ती हीच.

नाव का निवडलं याचं कारणही त्यांनी दिलंय. बँकेत कुणी पैसे ठेवलेच नाहीत तर काढणार काय? तसंच रक्ताचं. जेवढं बाहेर जाईल तेवढं आत आलं पाहिजे. तुमच्या रुग्णाला रक्त हवंय ना, मग त्याच्या नातेवाइकांकडून तेवढं भरून घ्या. जमा आणि नावे, दोन्ही बाजूंची तोंडमिळवणी.

बँकवाली म्हणून मला हे फार आवडलं. एक तर हिशोब आला की शिस्त येते. दुसरं म्हणजे बँकेत मी भरलेली नोट मलाच परत मिळत नाही. माझी नोट कुणा दुसऱ्याला जाते आणि मला तिसऱ्याची मिळते. फँटसच्या पेढीतही तेच झालं. मुलाचा रक्तगट बापाशी जुळत नसला तरी मुलाने रक्त द्यावं, ते दुसऱ्या कुणाला जाईल आणि बापाला त्याच्या गटाचं मिळेल. कॅरेलच्या त्या टाक्यांपासून किती लांबचा पल्ला! देणारा आणि घेणारा आता एका खोलीत नकोत, एका दिवशी नकोत, एका गटाचेही नकोत.

पण उपमा कुठवर ताणायची याला मर्यादा असते. पैसा ठेवला तर वाढतो. रक्त ठेवलं तर दिवसागणिक मरतं. नंतर जी द्रावणं निघाली त्यांनी रक्ताचं आयुष्य दहावरून एकवीस दिवस, मग पस्तीस दिवस केलं. आता लाल पेशी बेचाळीस दिवसांपर्यंत टिकवता येतात. त्यानंतर टाकून द्यायच्या. मुदत संपली की मुद्दलासकट बुडणारी ठेव कुठल्या बँकेत असते? म्हणजे इथे खातं राखून ठेवण्यात शहाणपण नाही. शहाणपण आहे ते पैसा फिरता ठेवण्यात.

नेमकं उलटं होत गेलं. पेढी म्हटल्यावर लोकांना खाती सुचली. अमेरिकेत रक्तपेढ्यांच्या संघटनेने १९५३ मध्ये चक्क क्लिअरिंग हाऊस काढलं. एका गावात काकाने दिलेल्या रक्ताचं क्रेडिट दुसऱ्या गावात ऑपरेशन झालेल्या पुतण्याच्या नावे वळतं करायचं. (आमच्या क्लिअरिंगमधल्या मंडळींना हे सांगितलं तर ते आडवे पडतील.) ज्याने वापरलं त्याने फेडावं, असा या संघटनेचा विचार. अमेरिकन रेडक्रॉसचं म्हणणं वेगळं होतं. त्यांनी १९४८ पासून शांतताकाळातली रक्तसेवा सुरू केली होती. त्यांच्या मते रक्त ही सगळ्या समाजाची जबाबदारी, रुग्णाच्या डोक्यावर कर्ज कशाला? हे भांडण पुढे कितीतरी वर्षं चाललं. १९७० मध्ये रिचर्ड टिटमस या इंग्रज अभ्यासकाने यावर एक गाजलेलं पुस्तकच लिहिलं आणि इंग्लंडच्या निखळ ऐच्छिक दानाची बाजू घेतली.

आता रेडक्रॉसवालेही धुतल्या तांदळासारखे होते असं नाही. महायुद्धात १९४१ मध्ये त्यांनी आधी काळ्या लोकांचं रक्तच नाकारलं. मग १९४२ पासून घेतलं, पण वेगळं ठेवून, आणि हा भेद १९५० पर्यंत चालला. याला वैद्यकशास्त्रात कसलाही आधार नव्हता. रक्त साठवण्याच्या कामात तेव्हा अमेरिकेत ज्यांचा शब्द चालायचा ते डॉ. चार्ल्स ड्रू स्वतः काळे होते! एका तिजोरीच्या दोन तिजोऱ्या केल्या की एकीत सडतं आणि दुसरीत खडखडाट होतो, हे कुठलाही कॅशिअर सांगेल.

पण सगळ्यात जास्त रक्त अडलं ते असल्या मोठ्या भांडणांत नाही. ते अडलं हॉस्पिटलच्या आतच, वॉर्डावॉर्डांत.

माझ्या यजमानांचं एक मोठं ऑपरेशन झालं त्याला आता खूप वर्षं झाली. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. चार बाटल्या रक्त तयार हवं, चार माणसं आणा, असा निरोप आला. शाखेतले तिघं आणि माझा धाकटा दीर जाऊन रक्त देऊन आले. ऑपरेशन छान झालं आणि एकही बाटली लागली नाही. आम्ही अर्थातच खूश. त्या चार बाटल्यांचं काय झालं, हा प्रश्न तेव्हा मनात यायचं कारणच नव्हतं. परवा भाचीला विचारलं. ती रक्तपेढीत टेक्निशियन आहे. ती म्हणाली, "आत्या, त्या तुमच्या नावाने फ्रिजमध्ये बसून राहिल्या असणार, दोन-तीन दिवस तरी. तेवढ्यात त्याच गटाचं रक्त बाळंतिणीला लागलं असतं, तर आधी बाकीचा साठा बघितला असता, तुमच्याला हात लावायला सर्जनची परवानगी लागली असती."

हे कसं होतं ते तिने समजावून सांगितलं. ऑपरेशनच्या आधी रुग्णाच्या रक्ताचा नमुना आणि दात्याच्या बाटलीतलं रक्त एकत्र करून जुळतं का ते बघतात. याला क्रॉसमॅच म्हणतात. पूर्वीच्या पद्धतीने याला पाऊण-एक तास लागायचा. ऐन वेळी तासभर थांबायची पाळी येऊ नये म्हणून सर्जन आधीच तीन-चार बाटल्या जुळवून राखून ठेवायला सांगतो. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तर हेच केलं असतं. टेबलावरचा माणूस त्याचा आहे. शेजारच्या वॉर्डातली बाळंतीण त्याला दिसत नाही.

पण बेरीज करून बघा. समजा, दिवसाला दहा ऑपरेशनं आणि प्रत्येकाच्या नावे तीन बाटल्या. तीस बाटल्या अडकल्या. प्रत्यक्षात लागल्या आठ. उरलेल्या बावीस दोन-तीन दिवसांनी सुटणार, की लगेच दुसऱ्या कुणाच्या नावे बांधल्या जाणार. असं तीन-चारदा झालं की मुदत जवळ येते. फ्रिज भरलेला आणि पेढी रिकामी! आमच्या भाषेत याला खात्यावर लीन मार्क करणं म्हणतात. शिल्लक दिसते, पण काढता येत नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी हा हिशोब मांडला. क्रॉसमॅच केलेल्या बाटल्यांना प्रत्यक्ष दिलेल्या बाटल्यांनी भागायचं. उत्तर दोनच्या आसपास किंवा खाली असलं तर ठीक. अडीच-तीनच्या वर गेलं की समजायचं, रक्त नुसतं अडवून ठेवलं जातंय. मिशिगन विद्यापीठातल्या फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये यावर एक साधी यादी सुचवली. कुठल्या ऑपरेशनला आजवर खरोखर किती रक्त लागलं ते नोंदींतून काढा आणि तेवढंच जास्तीत जास्त राखून ठेवा. ज्या ऑपरेशनला सहसा लागतच नाही, त्यासाठी बाटली बांधूच नका. फक्त रुग्णाचा गट तपासा आणि त्याच्या रक्तात वेडीवाकडी प्रतिपिंडं नाहीत ना ते बघून ठेवा. ती नसली तर ऐन वेळी काही मिनिटांत बाटली जुळवून देता येते.

हे वाचल्यावर मी हसलेच. ही तर आमची कॅश रिटेन्शन लिमिट! प्रत्येक शाखेला रोकड किती ठेवायची याची मर्यादा असते. जास्तीची करन्सी चेस्टला पाठवायची. प्रत्येक मॅनेजरला वाटतं की आपल्याकडे थोडी जास्त असावी, उद्या मोठा ग्राहक आला तर? पण सगळ्यांनीच तसं केलं तर पैसा शाखांत पडून राहतो आणि चेस्टमध्ये खडखडाट. मर्यादा पाळायला मॅनेजर कधी तयार होतो? मागितल्यावर चेस्टमधून वेळेत पैसे येतात, हा अनुभव त्याला दहा वेळा आला की. सर्जनचंही तेच. त्याला नुसतं "अडवून ठेवू नका" सांगून भागत नाही. मध्यरात्री फोन केला तर दहा मिनिटांत बाटली दारात येते, हे रक्तपेढीला दाखवून द्यावं लागतं. सगळा खेळ विश्वासाचा आहे.

एकीकडे बाटलीच मोडली. १९५० च्या सुमाराला कार्ल वॉल्टर यांनी काचेच्या बाटलीऐवजी प्लॅस्टिकची पिशवी आणली. (आपण मात्र अजून 'दोन बाटल्या रक्त'च म्हणतो.) एकमेकींना नळीने जोडलेल्या पिशव्या आल्या आणि एकाच रक्ताचे भाग वेगळे करणं सोपं झालं. लाल पेशी फ्रिजमध्ये जातात, प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो, आणि प्लेटलेट्सचं तंत्र वेगळंच. त्यांना थंडी सोसत नाही. त्या साध्या खोलीच्या तापमानाला, सतत हलत्या ठेवल्या तर चांगल्या राहतात, असं १९६९ मध्ये मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवलं. त्या टिकतात साधारण पाच दिवस. म्हणजे तुम्ही एकदा रक्त दिलंत, की लाल पेशी थॅलेसेमियाच्या मुलाला, प्लेटलेट्स कॅन्सर वॉर्डात आणि प्लाझ्मा यकृताच्या रुग्णाला. एक दाता आणि तीन विभाग. आता यातलं 'आपल्या' पेशंटचं रक्त कुठलं, सांगा बघू?

आणखी एक गोष्ट. रक्त कधी द्यायचं हाही प्रश्नच होता. हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं की द्यायचं, हा ठोकताळा १९४२ च्या एका लेखापासून चालत आला आणि पन्नासेक वर्षं कुणी फारसा तपासला नाही. १९९९ मध्ये कॅनडातल्या पॉल एबेर यांच्या गटाने अतिदक्षता विभागांतल्या ८३८ रुग्णांवरचा अभ्यास छापला. निम्म्यांना सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, तरी त्यांचं काही वाईट झालं नाही आणि रक्त निम्म्याहून कमी लागलं. ताज्या रक्ताचा आग्रहही तसाच. मुदतीतलं जुनं रक्त कमअस्सल नसतं, हे २०१५ पासूनच्या मोठ्या चाचण्यांत दिसलंय. तेव्हा पेढीतून आधी जुनी पिशवी बाहेर येते म्हणून चिडू नये. दूधवालाही कालची पिशवी आधी काढतो, पण इथे त्यात फसवणूक नाही.

आता आपल्याकडे. मुंबईत लीला मुळगावकरांनी १९५४ पासून स्वेच्छा रक्तदानाची मोहीम चालवली, हे आजच्या पिढीला फारसं ठाऊक नाही. तरीही पैसे घेऊन रक्त विकणारे होतेच. जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि दोन वर्षांत ती विक्री बंद करायला लावली. पण 'बदली रक्तदाता' राहिला. एक बाटली न्या, एक माणूस आणा. फँटसचा जमाखर्च तो हाच. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात ही पद्धत हळूहळू बंद करायचं ठरलंय. ज्याला नातेवाईक आहेत, शाखेतले मित्र आहेत, त्याला तो नियम जड नाही. आम्हाला नव्हता. पण मेळघाटातून किंवा बिहारमधून एकट्याच आलेल्या मजुराने चार माणसं कुठून आणायची?

महाराष्ट्र रक्त गोळा करण्यात देशात आघाडीवर असतो, याचा अभिमान वाटतोच. पण २०१७ मध्ये माहितीच्या अधिकारात जे आकडे बाहेर आले, त्यांत देशभरात पाच वर्षांत रक्त आणि त्याचे घटक मिळून २८ लाखांहून जास्त युनिट टाकून दिल्याचं दिसलं, आणि टाकून देणाऱ्यांतही आपलं राज्य पुढे होतं. त्यातलं काही तपासणीत दूषित निघालेलं, काही मुदत संपलेलं. मुदत का संपते? पुढाऱ्याचा वाढदिवस आला की शेकडो बाटल्या एका दिवसात. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, शिबिरं नाहीत, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. २०१५ पर्यंत एका रक्तपेढीला आपला जादा साठा दुसरीला द्यायलाही परवानगी नव्हती. त्या वर्षी ती मिळाली. म्हणजे वॉर्डावॉर्डांतल्या भिंतींबरोबर पेढ्यापेढ्यांतलीही एक भिंत पडली.

आणि गंमत म्हणजे २०२० मध्ये कायद्याच्या नियमांतून 'ब्लड बँक' हा शब्दच गेला. आता अधिकृत शब्द रक्तकेंद्र. फँटस १९४० मध्येच वारले, त्यांना याचं वाईट वाटलं असतं का कोण जाणे. मला थोडं वाटलं, पेढी हा शब्द एका ठिकाणाहून कमी झाला म्हणून. पण नवा शब्द खरा आहे. तिथे कुणाचं खातं नसतं.

माझं वय आता रक्तदानाच्या मर्यादेपलीकडे गेलं (आपल्याकडे ती ६५ आहे). पण घरातल्या भाचरांना आणि पुतण्यांना सांगून ठेवलंय, कुणाच्या वाढदिवसाला गर्दीत जाऊ नका. मे महिन्यात जा, पहिल्या आठवड्यात. आणि कुणाला दिलं ते विचारू नका.